न वाजवता घेतलेला फोन

“गाडी हलली तर चाकाखाली आडवा पडंन, सांगून ठिवतो. माझी बायको हाय आत.”

वसमतच्या स्टँडवर, नांदेडच्या गाडीच्या थेट तोंडापुढं दोन्ही हात पसरून अण्णा ओरडत होते. अण्णा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी जिनिंगमध्ये मुकादमकी केली. कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या मशिनी दिवसभर धडधडायच्या आणि त्यांच्यावर आवाज चढवून माणसं हाकायची, हे त्यांचं काम. त्यामुळं हळू बोलणं नावाची गोष्ट त्यांच्या घशातून कायमची निघून गेली. अण्णांनी कुणाच्या कानात गुपित सांगितलं की ते औंढ्याच्या लोकांना आधी कळतं आणि मग त्या कानाला. ड्रायव्हरनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली.

माय गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर बसून होती आणि उतरायचं नाव घेत नव्हती. मी अमेरिकेला निघाले होते. वसमतहून नांदेड, नांदेडहून हैदराबाद आणि तिथून विमान. सगळी गाडी मायच्या रडण्याची वाट बघत होती. बघे निराश झाले. मायनं माझा फोन स्वतःच्या हातात घेतला होता आणि ती मला कायदा सांगत होती.

“रोज सकाळी एक घंटी देईन. एक घंटी म्हंजी चहा झाला, समदे जित्ते हायेत. उचलायचा न्हाई, पैसे जातेत. दोन दिल्या तर तुह्या सवडीनं फोन कर. अन् तीन दिल्या...”

बाहेर अण्णा कंडक्टरला त्याच्या साहेबाचा पत्ता विचारत होते.

“तीन दिल्या तर काहून म्हून इचारत बसू नको. निघ.”

मग ती उतरली. अण्णा बाजूला झाले, गाडी हलली, आणि मागं वळून बघायचं नाही असं ठरवलेलं असताना मी इतकी मागं वळले की मान नांदेडपर्यंत तशीच राहिली. शेजारच्या बाईनं विचारलं, “माहेरून चाललीस का सासरी?” मी म्हणाले, अमेरिकेला. ती म्हणाली, “तिकडं दिलं व्हय.” तिला समजावून सांगायला माझ्या तोंडात थुंकी उरली नव्हती. भीतीनं मी वाळवंट झाले होते.

हे मी जवळा बाजार या माझ्या गावातल्या माणसांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या तिथून उठून कुठं कुठं जाऊन बसलेल्यांसाठीही. तुमच्यातल्या अर्ध्यांनी ही गोष्ट अण्णांच्या तोंडून ऐकली असेल. अण्णा सांगतात त्यात मी दुकानाची काच फोडते. काच फुटली नव्हती. बाकी माझ्या सांगण्यातलं चार आणे कमी करून ऐकायची आपल्या गल्लीची रीत आहे, ती चालू ठेवा. फक्त भीतीमधून काही कमी करू नका. ती सोळा आणे होती.

मी कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटो नावाच्या शहरात राहते. ऊन म्हणाल तर हिंगोलीची सख्खी बहीण. एका लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या तपासते. अनोळखी लोकांच्या काळजाचे आणि किडनीचे आकडे दिवसभर माझ्या डोळ्यांखालून जातात, आणि प्रत्येक वाईट आकडा मला अण्णांचा वाटतो. दोन तेलुगू पोरींबरोबर एका घरात भाड्यानं असते. त्या मला भात घालतात, मी त्यांना थापा घालते.

संध्याकाळी मी कामावरून आले की तिकडं जवळा बाजारात सकाळ होते. मायचा चहा उकळतो आणि माझ्या फोनमधल्या भारतातल्या सिमवर एक घंटी वाजते. एकच. ते सिम मी जिवापाड जपलं होतं. मायला तो नंबर लोकल पडायचा, आणि उचलला नाही तर मलाही काही पडायचं नाही. व्हिडिओ कॉल होते की, रविवारी अण्णांचं एक नाकपुडीभर तोंड दिसायचं. पण खरा निरोप त्या घंटीचा. ती वाजून बंद पडली की मी कुकर लावायची. चार मिनिटं उशीर झाला तर कुकर हातात धरून उभी राहायची. तेलुगू पोरी म्हणायच्या, ही अक्का रोज कुकरची पूजा करते.

मागल्या वर्षी अण्णांच्या काळजात जाळी बसवली. नांदेडच्या दवाखान्यात. मला कळलं ते अण्णा घरी आल्यावर. त्या दिवसांतही रोज सकाळी एक घंटी येत होती, चहा झाला, समदे जित्ते. मी फोनवर मायवर चिडले तर ती म्हणाली, “जित्तेच व्हते की.” तेव्हापासून माझ्या पोटात एक हिशोब पक्का बसला. ही माणसं एवढी मोठी गोष्ट एका घंटीत बसवतात, तर तीन घंट्या वाजतील त्या दिवशी काय झालेलं असेल? जाळी म्हणजे एक घंटी. मग तीन म्हणजे काय?

अशात माझा फोन म्हातारा झाला. इथं आल्यावर घेतलेला पहिला फोन तो. चार्जरवरून काढला की उन्हातल्या कोंबडीसारखा मान टाकायचा. काचेला इतके तडे की त्यात मला गोदावरीचं खोरं दिसायचं. एका संध्याकाळी बरोबर घंटीच्या वेळेला तो मेला. मी धावत जाऊन तो चार्जरला लावला, आणि चालू होईपर्यंत त्या काळ्या काचेत मला माझंच तोंड दिसत राहिलं. ते तोंड बघून ठरवलं, नवा घ्यायचा.

तर आता इथली रीत ऐका. इथं फोन विकत घेत नाहीत. जुना देतात आणि नवा नेतात. ट्रेड-इन म्हणतात त्याला. दुकानावर केवढ्या तरी अक्षरांत ‘फुकट’ लिहिलेलं असतं. ती पाटी पहिल्यांदा पाहिली आणि मला आमच्या ओट्यावरची बोहारीण आठवली.

शेवंताबाई तिचं नाव. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. दारात आली की माय चुलीवरची भाकर उतरवून ठेवायची, कारण पुढचं काम तासाभराचं असायचं. एकदा एका जरीच्या लुगड्यावरून आणि एका स्टीलच्या डब्यावरून दोघींची अशी जुंपली की मी शाळेत गेले, पाचवी पास होऊन परत आले, तरी डबा दोघींच्या मध्येच. मायचा सौदा चालू असताना अण्णांना बोलायला बंदी. त्यांनी तोंड उघडलं की भाव पडतो, असा मायचा अनुभव. अण्णा खांबाला टेकून गाल फुगवून बसायचे, आणि एवढाच वेळ आमच्या गल्लीत चिमण्यांचा आवाज यायचा.

माय भांडं आधी बघायची नाही, ऐकायची. परात उलटी धरून बोटाच्या पेरानं एक टिचकी, आणि कान जवळ. पत्रा पातळ असला की परात किणकिण करते. जाड असला की शाळेच्या घंटेसारखी बोलते आणि बराच वेळ बोलत राहते. शेवंताबाई म्हणायची, “ही वरून फुकट देते बाई तुला, ही वाटी.” माय वाटी परत तिच्या पाटीत टाकायची. तिचं म्हणणं असं की फुकट म्हणला की समजायचं, दाम दुसऱ्या खिशातून काढनार हाय. तिचा दुसरा नियम मी विसरले होते. तो पुढं येईलच.

मी मायची लेक. मी तीन दुकानं वाजवून पाहिली. पहिल्यात जुन्या फोनला राजाची किंमत, पण सोबत दुसरा एक नंबर घ्यायचा. मला दुसऱ्या नंबरवर फोन करायला होतं कोण? दुसऱ्यात तडा गेलेली काच बघून पोऱ्यानं असा चेहरा केला की मीच त्याला धीर दिला. तिसरं दुकान सिनेमा थिएटरजवळ. तिथं हेक्टर नावाचा शांत, जाडा माणूस होता. त्यानं तडा चालेल म्हणून सांगितलं आणि सगळं नीट उलगडून दाखवलं, तेव्हा मला पातळ पत्र्याचा आवाज ऐकू आला.

गोम अशी होती. जुन्या फोनचे पैसे हातात नाहीत. ते तीन वर्षं दर महिन्याच्या बिलात थेंब थेंब परत येणार. मध्येच सोडून गेलात तर उरलेले थेंब बंद, आणि नव्या फोनची राहिलेली सगळी किंमत तुमच्या डोक्यावर. शिवाय पूर्ण फुकट पाहिजे तर सगळ्यात महागडा प्लॅन. लहान प्लॅन घेतला तर अर्धंच.

तीन वर्षं. तो आकडा ऐकला आणि मी खुर्चीवर बसले. माझ्या व्हिसाचं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कळेल म्हणतात, आणि कळेल म्हणणारा वकीलही खांदे उडवतो. ज्या बाईला पुढच्या आंब्यांचा भरवसा नाही तिनं तीन वर्षांची सही करायची? आणि दुसरी गोष्ट हेक्टरला सांगण्यासारखी नव्हती. मी घरी दरवेळी सांगायची, पुढच्या जयंतीला कायमची येते. एप्रिल यायचा, गल्लीत निळे झेंडे लागायचे, अण्णा मिरवणुकीत लाऊडस्पीकरला लाजवायचे, मी व्हिडिओवर बघायची आणि परत म्हणायची, पुढच्या जयंतीला. माय कधी म्हणाली नाही की मागल्या वेळीही हेच म्हणली होतीस. तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातं. सहीचं तसं नसतं.

आता मी तोंड बंद ठेवायला पाहिजे होतं. पण रविवारी अण्णांची नाकपुडी दिसली आणि माझ्या अंगात आलं. म्हणाले, “अण्णा, इथं जुना डबडा फोन नेऊन दिला की नवा कोरा फुकट हातावर ठेवतात. पाया पडतात, घ्या म्हणतात.”

“ऐकलं का,” अण्णा मागं वळून गरजले, “अमेरिकेत फोन पाया पडतेत.”

मागून मायचा आवाज आला, “मंग जुना ठिवतं कोन?”

मी हसले. हे वाक्य मी लक्षात ठेवायला हवं होतं. मायजवळ तेव्हा दोन फोन होते. मामेभावानं दिलेला एक काचेचा, त्यावर रविवारी मी दिसायची. आणि एक जुना बटणांचा. घंटी द्यायची ती बटणांच्याच फोनवरून, कारण काचेवर बोट कुठं दाबलं ते बोटाला कळत नाही, असं तिचं म्हणणं.

त्या आठवड्यात कामावरून थेट हेक्टरच्या दुकानात गेले. बाहेर अजून लख्ख ऊन. मी ठरवून गेले होते, लहान प्लॅन, अर्धंच फुकट, आणि मोठ्या प्लॅनचं नाव काढलं तर ऐकू येत नाही असं दाखवायचं. अर्धा तास मी शेवंताबाईपुढं बसलेली माय होते. हेक्टरनं शेवटी हात जोडले, लहान प्लॅन मान्य केला, माझा जुना फोन पुढं ओढला आणि विचारलं, सगळं सुरक्षित जतन केलं आहे ना?

“सगळं,” मी छातीठोक म्हणाले. आकाशात कुठंसं गोदाम असतं, तिथं आपले नंबर, फोटो जाऊन बसतात आणि नव्या फोनमध्ये उतरतात, एवढं मलाही माहीत होतं. हेक्टर जुन्या फोनमधलं सगळं पुसायच्या तयारीला लागला.

तेवढ्यात काउंटरवर पडलेला फोन वाजला. ‘माय’. एक घंटी, बंद. मी हेक्टरला सांगितलं, माझ्या आईचा चहा झाला. तो हसला.

पुन्हा वाजला. बंद. दोन. सवडीनं फोन कर. माझं हसू अर्धं खाली आलं. म्हटलं, असेल काही, मीठ-मिरची. हेक्टर काचेवर बोट फिरवत होता, पुसू का, नक्की पुसू का, असं फोन त्याला विचारत होता.

तिसऱ्यांदा वाजला. हेक्टरचं बोट खाली आलं, घंटी मध्येच तुटली आणि काच पांढरी झाली.

त्यानंतर मी जे ओरडले ते मराठीत होतं. अण्णांच्या घशाचा वारसा माझ्याकडं आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. एक बाई आपलं पोरगं उचलून दुकानाबाहेर गेली. शेजारच्या थिएटरमध्ये सिनेमा थांबला असेल, मी बघितलं नाही. डोळ्यांसमोर फक्त अण्णा, ओट्यावर, खांबाला टेकलेले, आणि तोंड बंद.

हेक्टरनं पाणी दिलं. मी म्हणाले, घरी फोन लावायचा आहे, आत्ता. तो म्हणाला, लावा ना. आणि मग एकेक दार माझ्या तोंडावर आपटत गेलं. नव्या फोनमध्ये मायचा नंबर नव्हता. तो आकाशातल्या गोदामात. गोदामाचं कुलूप उघडायला एक कोड लागणार होता. तो कोड आला होता माझ्या भारतातल्या नंबरवर. भारतातला नंबर त्या सिममध्ये, आणि ते सिम हेक्टरनं काढून माझ्या तळहातावर ठेवलेलं, कापून टाकलेल्या नखाएवढं. म्हटलं, घाल ना हे नव्या फोनमध्ये. त्यानं नवा फोन चारी बाजूंनी फिरवून दाखवला. इथल्या नव्या फोनांना सिमची खाचच नसते. भिंत आहे, दार नाही. दुकानात मांडलेले सगळे फोन तसेच. जुना पुसून गप्प पडलेला, तो आता त्याच्या मालकिणीलाही ओळखत नव्हता.

मायचा नंबर मला पाठ नव्हता. तुम्ही हसाल. तुम्हाला तुमच्या मायचा पाठ आहे का, बघा.

मी डोळे मिटले. आणि मला भिंत दिसली.

आमच्या दारासमोर रफिक चाचांचं शिंप्याचं दुकान आहे. त्यांनी मोबाईल घेतला तेव्हा असा काही अभिमान वाटला त्यांना की दुकानाची अख्खी निळी भिंत रंगवून घेतली, ‘रफिक लेडीज टेलर’ आणि खाली हंड्याएवढ्या हिरव्या आकड्यांत नंबर. दात घासताना, वेणी घालताना, अभ्यासाला कंटाळून बाहेर बघताना, वर्षानुवर्षं मी तो नंबर बघितला होता. वाचला कधीच नव्हता. आता मिटल्या डोळ्यांनी तो एकेक आकडा वाचत गेले. शेवटच्या आकड्यावर पन्हाळीचं पाणी उतरून डाग पडला होता. तो तीन होता की आठ?

हेक्टरचा फोन मागितला, त्यावरून परदेशात फोन लागत नव्हता. दुकानाच्या फोनवरून तर शेजारच्या गल्लीतही नाही. नव्या फोनवरून लागेल, तो म्हणाला, पण भारतात बोलायची सोय या लहान प्लॅनमध्ये नाही. मोठ्यात आहे. हे तो खाली मान घालून म्हणाला, त्याला खरोखर वाईट वाटत होतं.

“लाव मोठा,” मी म्हणाले.

तीन वर्षांचा कागद काचेवर आला. इकडं सही, तिकडं सही, इथं आद्याक्षरं. मी एक ओळ वाचली नाही. त्या क्षणी त्यानं माझी किडनी मागितली असती तर डावी की उजवी एवढंच विचारलं असतं. मायचा दुसरा नियम मला तेव्हा आठवला, बोट काचेवर फिरत असताना. भेलेल्या मानसानं सौदा करू न्हाई.

तीन लावून पाहिला. नागपूरकडचा कुणी माणूस निघाला, तो मला माल कधी पाठवता म्हणून झापायला लागला. मी त्याला आज पाठवते म्हणाले. मग आठ.

“हां, कौन?”

“चाचा, मी नंदा. समोरची.”

“नंदा? अमेरिकावाली?” मागं शिलाई मशीन थांबली. “बेटा, सुबू सुबू? सब खैरियत?”

“चाचा, आमच्या घरी काय झालंय?”

चाचा मग म्हणाले, “मला तं काय म्हाईत न्हाई. मी आत बसेलो. पर अब तू बोली तो... आज अण्णाचा आवाज न्हाई आला बेटा. सुबू से न्हाई आला.”

जवळा बाजारात सूर्य उगवल्याचं कोंबडा सांगत नाही, अण्णा सांगतात. त्यात बाजाराचा दिवस. बाजाराच्या दिवशी अण्णांचा आवाज नाही, असा दिवस माझ्या जन्मापासून झालेला नव्हता. मी काउंटर दोन्ही हातांनी धरला.

“चाचा, जरा बाहेर बघा ना.”

खुर्ची सरकली. चपला फटफटल्या. “दारापुढं गर्दी दिसून राहिली,” चाचा हळू म्हणाले. “धा-पंधरा मानसं हायेत. बायाबी हायेत. तू ठैर, मी जातो. तू बैठ जा बेटा.”

तुमच्यातलं जे कुणी परदेशात आहे त्याला मी हे समजावून सांगायची गरज नाही. दारापुढं माणसं आणि बापाचा आवाज नाही. मी बसले नाही. उभ्या उभ्या माझ्या डोक्यात सगळं होऊन गेलं. तिकीट, विमान, हैदराबाद, नांदेडहून गाडी, आणि मी पोचेन तेव्हा संपलेलं असेल. आपल्याकडं माती कुणी थांबवून ठेवत नाही. थांबवू नयेच. चाचांच्या चपला रस्ता ओलांडत होत्या. तो रस्ता आठ पावलांचा आहे, त्या दिवशी तो पुसेगावपर्यंत लांबला होता. गाडीचा हॉर्न, कुणीतरी “सरका, सरका”, बांगड्यांचा आवाज. आणि मग काचेला चिरा पडतील असा एक आवाज फोनमधून हेक्टरच्या दुकानभर घुमला.

“ही परात न्हाई, पापड हाय पापड. न्हे तुही परात माघारी, झाकन घालीव तुह्या टेंपूला.”

हेक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली फरशीवर बसले होते आणि म्हणत होते, माझे वडील आहेत ते. त्याला वाटलं, वाईट बातमी. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शेवंताबाई गेली तिला बरीच वर्षं झाली. आता टेंपो येतो. भोंगा लावलेला असतो, जुने-पुराने मोबाईल द्या, भांडी घ्या. त्या सकाळी तो आमच्या दारात थांबला होता, आणि माझी बढाई ऐकून आठवडाभर तयार बसलेली माय बटणांचा फोन घेऊन बाहेर आली होती. सौदा चालू, अण्णा खांबाला टेकून गप्प, गल्ली जमलेली. टेंपोवाला म्हणाला, फोन चालू आहे का बंद, काय माहीत. अण्णांना बोलायला बंदी होती, हात हलवायला नव्हती. त्यांनी फोन घेतला, हिरवं बटण दाबलं, घंटी गेल्याचं त्याला ऐकवलं आणि बंद केला. टेंपोवाल्यानं भाव वाढवला नाही. अण्णांनी पुन्हा दाबून दाखवलं. तरी वाढवला नाही. म्हणून तिसऱ्यांदा. हिरवं बटण दाबलं की शेवटचा नंबर लागतो, आणि त्या फोनवरून माझ्याशिवाय दुसरा नंबर कधी लागलाच नव्हता. मायचं लक्ष परातीत होतं. तरीही भाव वाढेना, तेव्हा अण्णांनी बंदी मोडली.

चाचांनी फोन मायच्या हातात दिला. मी रडत होते, तिला काही कळेना.

“काहून रडून राहिली?”

“तीन घंट्या आल्या, माय.”

ती मग बाजूला तोंड करून म्हणाली, “तुमी तीनदा दाबलं व्हय हो?” आणि अण्णा सोळा वर्षांच्या पोरासारखे म्हणाले, “मंग काय दोनदा दाबू?” एवढं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

परात शेवटी जाड आली. माय सांगते, अजून वाजवली तर भाकर होईपर्यंत वाजत राहते.

आठ दिवसांनी पंचवीस कामं बाजूला ठेवून मी पुन्हा त्या थिएटरच्या रस्त्यानं गेले. फोन परत करायची मुदत अजून होती. हेक्टरनं काचेतून मला पाहिलं, आणि मला वाटतं तो आतल्या खोलीत पळाला. मी बाहेर गाडीत बसून राहिले. नवा फोन हातात होता, गुळगुळीत, खाच नसलेला. परत केला असता तर प्लॅन सुटला असता आणि भारतात बोलायची सोयही. त्या सोयीशिवाय आता मी एक संध्याकाळ काढू शकत नव्हते. दुसरंही एक होतं. तीन वर्षांची सही करताना मी भ्याले ती अण्णांसाठी. त्या वेळी तीन वर्षांच्या आकड्याला मी भ्याले नव्हते. हे मला गाडीत बसल्यावर कळलं आणि त्याची भीती तीन घंट्यांपेक्षा निराळी होती. मी गाडी वळवली.

लोक विचारतात, घर म्हणजे आता काय वाटतं. पूर्वी मी लांबलचक सांगायची. आता मला वाटतं, डोळे मिटल्यावर जी भिंत वाचता येते ते घर. इथल्या माझ्या खोलीच्या खिडकीसमोरही एक भिंत आहे, तिच्यावर कुणाचा तरी नंबर आहे. मी रोज बघते. डोळे मिटले तर एक आकडा सांगता येणार नाही. आणि चाचांची निळी भिंत अजून मला वाचता येते, पण डागाखालचा आकडा मला अंदाजानं काढावा लागला, आणि पहिला अंदाज चुकला. मी मुद्दाम चाचांना सांगितलं, तो डाग खरवडून काढा. ते म्हणाले, दुकानाला नवा रंग देणार आहेत, आता नंबर लिहीत नाहीत कुणी.

रविवारी मायला सगळं सांगितलं. घंटीचा फोन गेला, सिमची खाच गेली, आता आपणच रोज बोलायचं, मोठा प्लॅन आहे, कितीही वेळ. फोन नवा कोरा, फुकट. फक्त तीन वर्षं सोडता येत नाही. पुढच्या जयंतीचं मी या वेळी काही म्हणाले नाही, आणि तिनंही विचारलं नाही. तिच्यामागं परातीत पीठ मळल्याचा आवाज येत होता.

“वाजवून घेतलास का?” तिनं विचारलं.

“न्हाई, माय.”

“मंग चालीव आता तीन वर्षं.”